दोन ओढ्यांच्या मधलं घर

मैत्रिणींनो, महाबळेश्वरला तुम्ही गेलाच असाल. आर्थर सीट, वेण्णा तलाव, स्ट्रॉबेरी-क्रीम आणि परतताना पिशवीत चणे नि चपला. आम्ही साताऱ्याची माणसं, आम्हाला महाबळेश्वर म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. पण माझं खरं महाबळेश्वर बाजारपेठेत नाही. मेढ्यावरून केळघरचा घाट चढून वर आलं, की आम्ही तापोळ्याच्या रस्त्याला लागतो. रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरायला लागतो आणि एका वळणावर आम्ही गाडीतून उतरतो. तिथून पाऊलवाटेनं पंधरा मिनिटं खाली गेलं की माझ्या वन्संचं घर. गावाचं नाव सांगत नाही, वन्संना आवडायचं नाही.

घर साधंच. दगडी जोतं, वर पत्रा, पुढे पडवी. पण त्याची जागा मोठी मजेची. घराच्या दोन्ही अंगांना दोन ओढे. डावीकडचा ओढा येतो तो देवाच्या रानातून. पुस्तकात त्याला देवराई म्हणतात, गावात नुसतं 'देवाचं रान'. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा अशी झाडं एकमेकांत इतकी गुंतलेली, की दुपारीही आत गेलं तर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. तिथली काटकीसुद्धा कुणी सरपणाला आणत नाही. उजवीकडचा ओढा शेजारच्या घळीतून येतो. तिथेही पूर्वी रान होतं म्हणतात. मी सून म्हणून या घरात यायला लागले तोवर ते गेलं होतं. प्लॉट पाडले होते, जेसीबीनं कच्चा रस्ता काढला होता, आणि पुढे काहीच झालं नव्हतं. नुसतं तांबडं उघडं पोट पडलं होतं डोंगराचं.

दोन्ही ओढे एवढेसे. उन्हाळ्यात लहान मूलही उडी मारून पलीकडे जाईल असे. जेवढ्या जमिनीवरचं पाणी एका ओढ्याला येऊन मिळतं तेवढा त्या ओढ्याचा पाणलोट. या दोघांचे पाणलोट साधारण सारखेच, उतार सारखा, आणि डोक्यावरचा पाऊस तर एकच. तरी दोघांचं वागणं मात्र दोन जावांसारखं निरनिराळं.

हे माझ्या ध्यानात आलं ते २०१९ च्या जूनमध्ये. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिथे असतानाच पहिली जोरदार सर आली. तासभर नुसती झोड. पडवीत बसून आम्ही भजी खात होतो. पाहते तर उजवीकडचा ओढा दहा-पंधरा मिनिटांत चहाच्या रंगाचा होऊन उड्या मारत निघाला, आणि डावीकडे काहीच नाही! दगड तेवढे ओले. पाऊस थांबला तसा उजवीकडचा ओसरलाही. डावीकडच्याला संध्याकाळी कुठे जाग आली, आणि तीही शहाण्यासारखी. बारीक, नितळ धार.

मी आपली शाळेत अर्धवेळ शिकवणारी, मराठी आणि अधूनमधून भूगोलाचे तास. प्रयोग केल्याशिवाय चैन पडेना. वन्संकडून तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घेतले, वरचं झाकण कापून काढलं. एक डबा अंगणात उघड्यावर ठेवला, एक देवाच्या रानात झाडांखाली. मोजायला पट्टी नव्हती, म्हणून बोटं. पहिल्या दिवशी भुरभुर झाली. अंगणातल्या डब्यात अर्धं बोट पाणी, रानातल्या डब्याचा तळसुद्धा धड ओला नाही. दुसऱ्या दिवशी चांगला पडला, तेव्हा अंगणात चार बोटं आणि रानात तीन.

राहिलेलं एक बोट कुठे गेलं? पानांनी धरलं, फांद्यांवर राहिलं, तिथूनच पुन्हा हवेत गेलं. हलकी सर तर रानाच्या डोक्यावरच संपते, जमिनीपर्यंत पोचतच नाही. मुसळधार पावसात मात्र पानं किती धरणार? एकदा भिजली की ओघळायला लागतात.

पण खरी गंमत पानांत नाही, खाली जमिनीवर आहे. देवाच्या रानात चपला काढून चालून पाहा. पाय रुततो. कुजक्या पानांचा थर म्हणजे आपल्या न्हाणीघराबाहेरचं जाड पायपुसणं. थेंब त्याच्यावर पडतो, आपटत नाही, म्हणून माती उडत नाही. खाली मुळांच्या वाटा, गांडुळांची आणि खेकड्यांची बिळं. पाणी शिरायला हजार दारं. पलीकडे जेसीबी फिरलेल्या जमिनीवर टाच आपटली तर आवाज येतो. तिथे पावसाला शिरायला दारच नाही, तो पडतो आणि पळतो. या पळणाऱ्या पाण्याला भूगोलाच्या पुस्तकात 'अपधाव' म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण अर्थ अगदी बरोबर.

कणीक भिजवताना बघा. पहिलं अर्धं भांडं पाणी पिठात कुठे जातं कळतही नाही. मग पीठ पुरेसं प्यालं की तेवढंच पाणी घातलं तरी परातीत तळं साचतं. पाणी तेवढंच, पीठ तेच. फरक एवढाच की पीठ आता प्यालेलं आहे. रानाच्या जमिनीचं तसंच. जूनमधली चार बोटं जमीन पिऊन टाकते आणि ओढ्याला थोडीच देते. तीच चार बोटं जुलैच्या शेवटी पडली तर ओढा दुथडी भरतो. आज किती पडला एवढं विचारून भागत नाही, आधी किती पडून गेलाय तेही विचारायला हवं.

आणि जमीन काही सगळीकडे एकदम भरत नाही. आधी ओढ्याच्या काठची पट्टी भरते, कारण वरच्या उतारात मुरलेलं पाणी आतल्या आत तिथेच येऊन थांबतं. त्या पट्टीवर पडलेला पाऊस मग सरळ ओढ्यात. पावसाळा पुढे सरकतो तशी ही ओली पट्टी उतारावर चढत जाते. जूनमध्ये ज्या खडकाजवळ आम्ही चटई टाकून डबा खाल्ला होता, तिथे नंतरच्या एका श्रावणात गेले तर घोट्यापर्यंत पाय बुडाला. खडकापासून ओढा वीस पावलं लांब होता.

आणखी एक गोष्ट नंतर वाचनात आली आणि मला फारच आवडली. रानातल्या ओढ्याला पूर आला की आपण म्हणतो, आजच्या पावसाचं पाणी आलं. पण जगात पुष्कळ ठिकाणी अशा ओढ्यांचं पाणी तपासलं, तर त्यातलं बरंचसं आजचं नसतंच! आधीच्या पावसांचं, जमिनीत मुरून राहिलेलं जुनं पाणी असतं ते. तोटी लावलेल्या भरल्या माठात वरून तांब्या ओतला की तोटीतून जोरात येतं ते आधीचंच पाणी, तसंच. म्हणूनच रानातला ओढा भर पावसातही बराच वेळ नितळ राहतो. माती खरवडून पळत आलेलं पाणी त्यात कमी असतं.

माझे हे डब्यांचे खेळ. पण शास्त्रज्ञांनी तेच नीट मोजून केलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटाच्या जंगलात १९३४ पासून छोट्या छोट्या ओढ्यांचं पाणी मोजतात. आणि लांब कशाला, आपल्याच सह्याद्रीत, खाली कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, असेच लहान पाणलोट शेजारी शेजारी घेऊन मोजणी झाली आहे. मूळच्या रानातून पडलेल्या पावसाच्या शंभर भागांपैकी सुमारे २८ भाग ओढ्यानं वाहून गेले. ॲकेशियाची लागवड केलेल्या जमिनीतून सुमारे ३३, आणि तोडून-चरून उजाड झालेल्या रानातून सुमारे ४५. वन्संच्या पडवीत बसून मी जे डोळ्यांनी पाहत होते, ते हेच. ॲकेशियाचा आकडा तेवढा मनात ठेवा. झाडं लावली म्हणजे लगेच रान होत नाही.

इथपर्यंत सगळं छान आहे, नाही का? मीही तसंच समजत होते. वर्गात मुलांना ठसक्यात सांगायची, "जंगल पूर थांबवतं. लिहून घ्या."

२०२१ चा जुलै. वन्सं पडवीच्या पायरीवरून घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. आमची शाळा तेव्हा मोबाइलवर चाललेली, म्हणून आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला आणि मुलीला तिथे सोडलं आणि ते परत गेले. पाऊस आधीपासूनच लागला होता. आल्या आल्या मी अंगणात डबा ठेवला, ती आता माझी सवयच झाली होती. रोज सकाळी मोजायचा आणि ओतून द्यायचा.

२२ जुलैला सकाळी ओतलेला डबा संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरून वाहायला लागला. तेलाचा पंधरा किलोचा डबा! बोटांचा हिशेबच संपला. त्या २४ तासांत, म्हणजे २३ तारखेच्या सकाळपर्यंत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला हे आम्हाला नंतर कळलं. तुम्ही म्हणाल, मिलिमीटर म्हणजे काय ते कळत नाही. मग असं धरा. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं दहा हजार लिटर. आपल्या कॉलनीत उन्हाळ्यात येतो तो मोठा टँकर. एक मिलिमीटरला एक टँकर. म्हणजे त्या दिवशी डोंगराच्या प्रत्येक हेक्टरावर ५९४ टँकर ओतले गेले. आणि जमीन तर आधीच पिऊन तुडुंब झालेली.

दिवे दुपारीच गेले होते. मोबाइलला रेंज नाही. उजवीकडचा ओढा सकाळपासून पिसाळलेला होता, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तो नेहमीचाच. नवल होतं डावीकडच्याचं. तोही आता गर्जत होता. अंधार पडायच्या आधी मी पाहिलं तर पाणी अजून तसं स्वच्छ, पण भातखाचराच्या बांधावरून चाललेलं. रात्री जेवणं झाली. मुलं झोपली. वन्संच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो, पडवीत घोंगडं पांघरून, हातात बॅटरी घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, आत या, गारठा लागेल." त्या म्हणाल्या, "बसू दे. वढ्याकडं बघू दे जरा."

साडेदहाच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. बॅटरीच्या उजेडात डावीकडचं पाणी तांबडं दिसत होतं. देवाच्या रानाचं पाणी तांबडं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि थोड्या वेळानं त्याहून विचित्र गोष्ट झाली. पाऊस तसाच कोसळत होता, उजवीकडचा ओढा तसाच गर्जत होता, पण डावीकडचा आवाज एकदम खाली आला. मला तर हायसं वाटलं. म्हटलं, उतरलं वाटतं पाणी. आजी उठून उभ्या राहिल्या. "पाऊस हाय आन वढा बसला? वर कायतरी आडलंय. उठवा समद्यांना. दांडावर चला."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मी हुज्जत घातली. अशा पावसात, अंधारात, प्लास्टरचा हात घेऊन वन्सं आणि झोपलेली पोरं! मी म्हटलं, "आजी, वर सगळं रान आहे, तिकडून काही येणार नाही. आलं तर उजवीकडून येईल." बी.ए. झालेली, भूगोल शिकवणारी मी. आजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी गोठ्यात जाऊन गुरांची दावी सोडली आणि गुरं दांडाकडे हाकलली. तेव्हा मग आम्ही निघालो.

दांड म्हणजे दोन घळींच्या मधला उंचवटा. तिथे घरापासून पावशेर अंतरावर शाळेची खोली आहे. तिथे आम्ही आठ माणसं, भिजलेली घोंगडी आणि दारात उभी गुरं. दोनच्या सुमाराला जो आवाज झाला तो मला सांगता येणार नाही. उजाडल्यावर पाहिलं तर गोठा नव्हता, स्वयंपाकघराची एक भिंत नव्हती, आणि त्या जागी दगड, चिखल आणि मुळांसकट आडवी पडलेली दोन जांभळीची झाडं. वर देवाच्या रानात, हिरव्यात, नखानं ओरबाडल्यासारखा एक तांबडा पट्टा. माणसं सगळी शाबूत. एक पाडस तेवढं मिळालं नाही.

आमचं तेवढ्यावर निभावलं. त्याच दिवशी डोंगराच्या पलीकडे महाडजवळच्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं दरडीखाली गेली होती. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. खाली चिपळूण पाण्यात. हे सगळं आम्हाला पाच दिवसांनी कळलं, रस्ता सापडला तेव्हा. ते पाच दिवस ह्यांनी साताऱ्यात कसे काढले ते त्यांनाच ठाऊक.

त्या दिवसांत मी वर जाऊन तो पट्टा पाहिला. झाडं वाईट नव्हती, मुळंही लांबवर गेलेली होती. पण मुळं धरून धरून किती खोल धरणार? वरची हात-दोन हात माती ती घट्ट धरतात. त्याच्याखाली, माती आणि कातळाच्या मध्ये पाणी साठत गेलं, मातीचं वजन वाढलं, आतल्या पाण्यानं तिला कातळावरून उचलून धरलं, आणि झाडंमाती सगळं एकत्र निघालं. ती माती ओढ्यात आडवी बसली, वरचं पाणी तुंबलं, म्हणून आवाज बसला. आणि तो बांध फुटला तेव्हा आमचा गोठा गेला. पाणी तांबडं का झालं आणि आवाज का उतरला, ते मला पाच दिवसांनी समजलं. आजींना ते त्याच रात्री, पाच मिनिटांत समजलं होतं.

म्हणून माझं वर्गातलं वाक्य मी बदललं. रोजच्या पावसात, पंचवीस-पन्नास मिलिमीटरच्या पावसात, जंगलाचा ओढा आणि उजाड ओढा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. पण जमीन भरलेली असताना वरून पाचशे मिलिमीटर आले, तर ते अंतर जवळजवळ उरत नाही. तेव्हा जंगलही पाणी सोडतं. मुलं विचारतात, मग बाई, जंगलाचा उपयोग काय? त्यांना मी उजवीकडच्या ओढ्याखालची खाचरं सांगते. ती काही त्या एका रात्रीत गेली नाहीत. दर पावसाळ्यात, दर सरीला थोडी थोडी माती येऊन बसत गेली आणि आता तिथे भात होत नाही. ज्या दिवशी वर्तमानपत्रात काहीच छापून येत नाही, त्या दिवशीचं हे नुकसान.

एक मात्र तुम्हाला सांगून ठेवते, कारण हल्ली भर पावसात डोंगरात राहायला जायची टूम निघाली आहे. खोली घेताना खिडकीतून धबधबा दिसतो का हे विचारताच, तर ती घळीच्या तोंडाशी आहे की दांडावर, तेही पाहा. आदल्या आठवड्यात तिथे किती पडलाय ते विचारा. आणि शेजारचा ओढा एकाएकी तांबडा झाला, किंवा पाऊस असून एकाएकी गप्प झाला, तर सामान आवरत बसू नका. ओढ्याच्या कडेनं खालीही पळू नका, बाजूच्या उंचवट्यावर जा.

गेल्या डिसेंबरात पुन्हा गेलो होतो. घर आता दांडावर, शाळेच्या मागे बांधलंय. जुन्या जोत्यावर वन्संनी घेवडा लावलाय. उजवीकडचा ओढा कोरडा ठणठणीत, नुसते गोटे. डावीकडे बोटाएवढी धार चालू होती. वरच्या तांबड्या पट्ट्यावर कारवी उगवून आली आहे. त्याच धारेवर आजी हंडा भरत होत्या. वन्संच्या दिरांकडे पुण्याची एक पार्टी येऊन गेली म्हणे, देवाच्या रानाला लागून असलेली घरची जागा मागतात. रक्कम ऐकून मीसुद्धा गप्प झाले. घर बांधताना झालेलं कर्ज मला माहीत आहे, तेव्हा साताऱ्यात बसून "विकू नका" म्हणायला माझी जीभ रेटेना. अजून काही ठरलेलं नाही.

तेलाचा डबा मात्र नवीन अंगणात आलाय. पावसाळ्यात रोज रात्री नऊच्या सुमाराला वन्संचा फोन येतो. रेंजसाठी त्या शाळेच्या पायरीवर येऊन उभ्या राहतात, त्यामुळे बोलणं थोडकंच. गेल्या जुलैत एका रात्री खूप ओतत होतं, साताऱ्यातही झोप येईना. फोन वाजला.

"सहा बोटं झाली," वन्सं म्हणाल्या. "पाणी नितळ आहे, आवाजही नेहमीसारखाच. आजी म्हणतात, झोपा आता."